सदर शब्द

"मॅडम, त्या पादणाऱ्या आजोबांच्या मॅडम तुम्हीच ना?"

फोनवर अनोळखी, तरुण बाईचा आवाज होता. मी नायगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायला बसले होते. आमटीचा भुरका अर्धवट सोडून "हो, मीच ती" म्हणण्यावाचून इलाज नव्हता. लहान मुलांसाठी गोष्टी लिहिण्यात आणि त्यांची चित्रं काढण्यात माझी हयात गेली. त्या गोष्टींत खारी आल्या, ढग आले, रुसलेलं वांगं आलं, चंद्रावर निघालेली मुंगी आली. लोकांच्या लक्षात राहिले ते एकटे आजोबा. हे आजोबा लग्नात, बँकेत, कीर्तनात, जिथे नको तिथे पादतात आणि दर वेळी आळ दुसऱ्यावर येतो. कधी नवरदेवावर, कधी मॅनेजरवर, कधी बिचाऱ्या कुत्र्यावर. शेवटी कंटाळून ते एकटेच शेतात जातात, मनसोक्त पादतात, आणि आळ घ्यायला शेजारी कोणीच नाही म्हटल्यावर त्यांना फार एकटं वाटायला लागतं. मग लांबून एक म्हैस उत्तर देते. संपली गोष्ट.

"मी नालासोपाऱ्याला शिकवते, मॅडम. तिसरीला. मराठी माध्यम," ती बाई सांगत होती. "तुम्हाला आमच्या शाळेत बोलवायचंय. पण आधी एक सांगून ठेवते. आमच्या मोठ्या बाईंना माहीत नाहीये."

"काय माहीत नाहीये?"

"पुस्तकाचं. म्हणजे तुम्ही लेखिका आहात हे माहितीये. तुमचे आजोबा माहीत नाहीत."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मराठी शाळेत हे पद उंचीवर अवलंबून नसतं, पण या बाई खरोखरच उंच होत्या असं पुढे कळलं.

मग तिसरीच्या बाईंनी मला जे सांगितलं ते ऐकून मी ताट बाजूला सरकवलं. त्यांच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत. आईबाप उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेले, आसपासच्या गाळ्यांत कामाला. शाळा जवळ आणि फी नावापुरती, म्हणून मुलं मराठी माध्यमात. त्यातली एक मुलगी शाळा सुरू झाल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर करायची. बाईंनी एका प्रदर्शनातून माझं पुस्तक स्वतःसाठी घेतलं होतं, ते एका कंटाळवाण्या दुपारी वर्गात वाचायला काढलं. आजोबा बँकेत खुर्चीवर टेकले, इकडेतिकडे बघितलं आणि... इथे बाई मुद्दाम थांबल्या. तेवढ्यात ती मुलगी ताडकन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पाद!"

"हिंदीत पण सेम शब्द आहे मॅडम! माझ्या कधी डोक्यातच नव्हतं आलं. तिला वाटलं, अरे, हे तर मला येतं! म्हणजे मराठी मला येतं! त्या दिवसापासून तिचं तोंड बंद नाही. आता मीच सांगते, बाई गं, जरा गप्प बस."

माझ्या पुस्तकांवर परीक्षणं आली आहेत. एकाने मला 'बालमनाची हळुवार पाखरण करणारी' असं म्हटलं होतं, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण हे असं कोणी कधी बोललं नव्हतं. मी म्हटलं, येते. कधी म्हणाल तेव्हा येते.

एरवी शाळेचं बोलावणं आलं की मी जरा दबकून असते. लेखिका असून चित्रंही काढते म्हटल्यावर शाळांना माझं नेमकं काय करायचं ते कळत नाही. एका शाळेने मला रांगोळी स्पर्धेचं परीक्षक केलं. दुसरीकडे स्टेजवर चढल्याचढल्या हातात खडू दिला आणि "मॅडम आता आपल्याला पाच मिनिटांत गणपती काढून दाखवतील" असं जाहीर केलं. मी काढला. तो उंदरासारखा आला आणि उंदीर गणपतीसारखा आला, पण टाळ्या झाल्या. पुस्तक कोणी वाचलेलं नसतं. शाल मात्र नक्की असते. या शालींची आमच्याकडे एवढी गर्दी झाली की सोसायटीच्या वॉचमनला मी दर हिवाळ्यात दोनतीन देते, आणि आता तोच मला विचारतो, "मॅडम, इस साल प्रोग्राम कम हुए क्या?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंचा फोन आला. आवाज असा की मी नकळत सोफ्यावर नीट बसले.

"आपण येण्याचं मान्य केलंत, आभारी आहोत. आपला विषय आम्ही 'चित्रांतून संस्कार' असा ठेवला आहे."

"संस्कार?"

"आपलं खारीवरचं पुस्तक ग्रंथालयात आहे. प्रामाणिकपणावर आहे ना? त्यावर बोलावं."

त्या खारीबद्दल सांगायला हवं. तिला रस्त्यात एक बदाम सापडतो आणि ती तो मालकाला परत करते. पुस्तकात याहून जास्त काही घडत नाही. शाळांच्या कपाटांतून ती खार सगळीकडे आहे आणि तिला कोणी हात लावत नाही, म्हणून ती अजून कोरी करकरीत आहे.

"चालेल," मी म्हटलं. "आणि मला वेळ किती?"

"अध्यक्षांचं मनोगत झालं की उरलेला सगळा वेळ आपलाच."

थंडीतल्या एका शनिवारी सकाळी मी नालासोपाऱ्याला उतरले आणि शेअर रिक्षाने पूर्वेला आत आत गेले. गल्लीच्या दोन्ही अंगांना गाळे, कुठे बॅगांच्या चेन शिवल्या जात होत्या, कुठे खोट्या दागिन्यांना मुलामा दिला जात होता, आणि मधेच, चुकून उरल्यासारखी, तीन मजली शाळा. फाटकावर माझं स्वागत करणारा मोठा फ्लेक्स होता. माझं नाव ठळक अक्षरांत आणि त्याच्या शेजारी एका मिशाळ गृहस्थांचा हसरा फोटो.

तिसरीच्या बाई फाटकातच उभ्या होत्या. वय पंचविशीचं, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर लग्नघरातली धांदल. माझी नजर फ्लेक्सवर गेलेली बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "फ्लेक्सवाल्याने नेटवरून उचलला, मॅडम. तुमचं आडनाव टाकलं तर हेच पहिले आले म्हणे."

मागून मोठ्या बाई आल्या. उंच, कडक इस्त्रीची साडी, चष्मा दोरीला. त्यांनी फ्लेक्सकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि निकाल दिला, "फोटो चुकला आहे. नाव बरोबर आहे."

आत जाताना एका छोट्याने माझा हात धरून विचारलं, "ते काका नाही आले?"

"त्यांना बरं नाहीये," मी म्हटलं. काय करणार?

पटांगणात सतरंज्यांवर सगळी शाळा बसली होती. स्टेजवर मी, मोठ्या बाई आणि संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्ष इथल्याच जुन्या घराण्यातले, खाडीकाठच्या शेतकऱ्यांचे वंशज. आता रेती-सिमेंटचा धंदा. शाळेखालची जमीन त्यांच्या वाडवडिलांची. बोलायला उभे राहिले ते थेट प्राचीन सोपारा बंदरात. हजारो वर्षांपूर्वी इथे जहाजं लागायची, सोनं उतरायचं, हत्ती चढायचे. मला ऐकायला आवडत होतं. पण अध्यक्ष एकेक शतक पायी चालत होते. पोर्तुगीज येईपर्यंत पहिलीचा वर्ग झोपला होता. मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा चौथीतली दोन पोरं एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. आणि स्वातंत्र्याच्या अगदी तोंडावर अध्यक्षांचा फोन वाजला.

"हां, निघालोच," ते फोनमध्ये म्हणाले. सभेतली भाषा खाली ठेवून ते घरच्या बोलीत आले होते. "कोन कोन आलंय? पानी-बिनी द्या त्यांना, आलोच." मग मला शाल, नारळ आणि तुळशीचं रोप देऊन, फोटो काढून ते विरारला दुसऱ्या सत्काराला निघून गेले. तिथे त्यांचाच सत्कार होता.

मी उभी राहिले. अर्ध्या सतरंज्यांवर ऊन आलं होतं. फळा मागवला होता, त्यावर खार काढली, बदाम काढला. खारीला बदाम सापडला. मुलं सभ्यपणे कंटाळत होती. खार मालकाच्या शोधात निघाली. एका मुलाने जांभई दिली, ती पूर्ण रांगेतून फिरून परत त्याच्याकडे आली. माझी मलाच कीव यायला लागली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक मुलगी उठली. बारीक, दोन घट्ट वेण्या. "बाई," ती मला म्हणाली, "दादाजी कधी येनार?"

तिसरीच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मला कळलं, हीच ती.

"कोण दादाजी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"वो पाद—" मुलगी सांगणार तोवर तिसरीच्या बाई "अगं अगं अगं!" करत धावल्या आणि तिला खाली बसवलं. पण आख्ख्या तिसरीत खसखस पिकली, चौथीने "काय गं? काय?" म्हणून विचारलं, आणि खबर सतरंज्यांवरून मागे मागे पळत गेली. झोपलेली पहिलीसुद्धा उठून बसली.

मोठ्या बाई माझ्या कानाशी झुकल्या. "कुठलं पुस्तक हे?"

मी खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला. "तो शब्द," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आपण या स्टेजवरून उच्चारायचा नाही."

"नाही उच्चारणार," मी वचन दिलं.

मी वचन पाळलं. खार पुसली आणि तिच्या जागी आजोबा काढायला घेतले. आधी टोपी, मग वांग्यासारखं नाक, मग पोट, मग काठी. दर रेघेला आवाज वाढत होता. आजोबांना लग्नात नेलं. पंगतीत बसवलं. नवरदेव बाजूला काढला. "मग आजोबांनी डावीकडे बघितलं," मी म्हटलं. "उजवीकडे बघितलं. थोडेसे तिरके झाले. आणि काय केलं?"

संपूर्ण शाळेने एका दमात सांगितलं.

शेजारच्या गाळ्यातलं मशीन बंद पडल्यासारखं वाटलं. खरं तर कामगारच मशीन थांबवून खिडकीत आले होते. मी फळ्यावर आजोबांच्या मागे एक छोटा ढग काढला. बँकेत गेल्यावर थोडा मोठा काढला. कीर्तनात तर फळाच पुरला नाही. दर वेळी मी फक्त विचारत होते आणि उत्तर सतरंज्यांवरून येत होतं. कुठल्याही घरची भाषा असो, उच्चार एकच. ती वेण्यांची मुलगी सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी ओरडत होती, तिचा अधिकार होता तो. शेतात एकट्या पडलेल्या आजोबांना म्हशीने उत्तर दिलं तेव्हा पटांगणात जे काही झालं त्याला टाळ्या म्हणता येणार नाहीत. काही मुलं आडवी पडून लोळत होती.

मोठ्या बाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथल्या फ्लेक्सची सुटलेली दोरी त्यांनी घट्ट बांधली. मग म्हणाल्या, "आपण शब्द उच्चारला नाहीत, हे मी मान्य करते." नमस्कार करून आत गेल्या.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण शाळेला लागून असलेल्या इमारतीच्या गॅलरीतून कोणीतरी व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवर गेला. अख्खी शाळा हात वर करून तालासुरात तो एकच शब्द म्हणतेय, आणि फळ्यापाशी शाल पांघरलेली एक पिकल्या केसांची बाई खडूने त्यांना ताल देतेय. मला माझे हातवारे एवढे मोठे आहेत हे माहीत नव्हतं.

चारेक दिवसांनी तिसरीच्या बाईंचा फोन आला. आवाज पार बसला होता. "मॅडम, पालकसभा लावलीये. माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. काय लिहू?"

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. माझं काय, मी शाल घेऊन घरी आले होते. ती पोरगी मात्र अजून नोकरीत कायमसुद्धा झाली नव्हती. मी म्हटलं, "काही लिहू नका. मीच येते."

"तुम्हाला बोलावलेलं नाहीये, मॅडम."

"मग न बोलावता येते."

सभा तिसरीच्याच वर्गात भरली. मुलांच्या बाकांवर बसलेली मोठी माणसं, गुडघे छातीशी. मी शेवटच्या बाकावर बसले. तिसरीच्या बाई खिडकीपाशी उभ्या होत्या आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

एक वडील उठले. ऑफिसातून हाफ डे टाकून आले होते, गळ्यात कंपनीचा पट्टा तसाच होता. "आपली भाषा टिकावी म्हणून मी पोराला इंग्लिश मीडियममधून काढून इथे घातला," ते म्हणाले. "घरात सगळे नावं ठेवतात. आणि तो घरी येऊन आजीसमोर काय म्हणतो? मी काय सांगू तिला, हे मराठी शिकवतात म्हणून?"

त्यांचा आवाज शेवटी कापला. मी भांडायच्या तयारीने आले होते, पण त्या माणसाला थट्टेवारी न्यायला जीभ रेटेना. मी उठून बालसाहित्य, निरागसता, लोककथांची परंपरा असं काहीबाही बोलले. माझं मलाच 'हळुवार पाखरण' ऐकू यायला लागल्यावर खाली बसले.

मग एका आईने विचारलं, "हा शब्द परीक्षेला येणार आहे का?"

"नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग वाद कशाला?"

दुसरी म्हणाली, शब्द बदला, बाकी गोष्ट चांगली आहे. 'वारा सरणे' म्हणा. कोणी म्हणालं, 'गॅस सोडला' म्हणा, सगळ्यांना कळेल. त्यावर कोणी म्हणालं की मग पोरं सिलेंडरच्या माणसाला हसतील. एक गृहस्थ आयुर्वेदिक दुकान चालवत होते, त्यांनी 'अपानवायू' सुचवला आणि तो मोठ्या आतड्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांना बसवावं लागलं. माझ्या आयुष्यात माझ्या एका शब्दावर एवढी गंभीर, एवढी सविस्तर चर्चा दुसरीकडे कुठे झाली नाही. साहित्य संमेलनातसुद्धा नाही.

भिंतीला टेकून एक म्हातारे बसले होते, नातवाच्या वतीने आलेले, डोक्यावर पांढरी टोपी. ते सगळ्यांचं ऐकत होते. आता म्हणाले, "आमच्यात सगलेच पादतात. न त्याला पादनंच म्हनतात. तुमच्यात काय म्हनतात?"

हाफ डे वाले वडील खाली बघत होते. त्यांचे खांदे हलत होते, आणि ते रडत नव्हते.

मोठ्या बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं. क्लार्क बाजूला इतिवृत्त लिहीत होता. त्याने मान वर करून विचारलं, "बाई, तो शब्द कसा लिहू?"

मोठ्या बाईंनी दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला. मग शांतपणे सांगू लागल्या, "लिहा. सदर पुस्तक वर्गात वाचण्यास हरकत नाही. तथापि सदर शब्दाचा उच्चार शिक्षक अथवा विद्यार्थी यांनी शाळेच्या आवारात करू नये. खुलाशाची आवश्यकता नाही."

खिडकीपाशी ओढणी बोटावरून सुटली. मोठ्या बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सभा संपल्यावर टेबलावर पुराव्यादाखल ठेवलेलं पुस्तक तेवढं त्यांनी उचललं आणि पर्समध्ये टाकलं. मला वाटलं, गेले आजोबा.

ठराव झाला की सूचना निघते आणि सूचना प्रत्येक वर्गात वाचून दाखवतात, अशी त्या शाळेची पद्धत. ती सूचना शिपाई वर्गावर्गात घेऊन फिरला आणि प्रत्येक बाईंनी ती मोठ्याने वाचली. "सदर शब्दाचा उच्चार करू नये." मुलांना सदर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण ते कशाबद्दल आहे हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

पंधरवडाही झाला नसेल, तिसरीच्या बाईंचा फोन आला. हसून हसून त्यांना बोलता येत नव्हतं.

"मॅडम, आज दुसरीतला एक मुलगा शेजारच्याला ओढत, रडत ऑफिसात आला. मोठ्या बाईंकडे तक्रार घेऊन. म्हणाला, 'मोठ्या बाई, याने माझ्या तोंडावर सदर शब्द सोडला!'"

"मग?"

"मग मोठ्या बाई हसल्या! मॅडम, आम्ही कधी बघितलंच नव्हतं. शिपाई पाणी घेऊन धावला, त्याला वाटलं ठसका लागला. आता सगळी शाळा तेच म्हणते. बेंचखालून वास आला की 'बाई, कोणीतरी सदर शब्द केला.' शिक्षकांच्या खोलीत पण सुरू झालंय."

आणि मग एक दिवस मोठ्या बाईंचाच फोन. मी पुन्हा नीट बसले.

"शाळेत नवीन स्वच्छतागृह बांधून झालं आहे," त्या म्हणाल्या. "बाहेरची भिंत मोठी आहे. पांढरी आहे. मुलं तिच्यावर नको ते लिहितील, त्याआधी आपण काहीतरी काढावं असं वाटतं. आजोबा नकोत."

"आजोबा नाही काढणार."

"माझा आपल्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटल्याचं जाणवलं.

माझं आजवरचं सगळ्यात मोठं चित्र नालासोपाऱ्यात एका शाळेच्या संडासाच्या भिंतीवर आहे, आणि मला त्याचा भलता अभिमान आहे. मी प्राण्यांची रांग काढायला घेतली. पुढे बगळा, मग मिठागरातला खेकडा, मग मांजर, मग एक चिंताग्रस्त बेडूक. सगळे एकाच कारणासाठी उभे, पाय आवळून, नजर दाराकडे.

वेण्यांची मुलगी मधल्या सुट्टीत येऊन मागे उभी राहायची आणि सूचना द्यायची. आता तिचं मराठी चांगलंच चालू झालं होतं, फक्त ते तिच्या मनाला येईल तिकडे चालायचं.

"बाई, यात माझी शेळी पायजे."

"तुझी शेळी आहे?"

"गावाला. काकाकडे राहिली." तिने वेणीचं टोक ओढलं. "येताना तिला बोलली होती, आनते तुला. पण ट्रेनमध्ये शेळी घेत नाय."

"बरं, काढू. कुठे उभी करू?"

"सगल्यात पुढे. तिला लय घाई असते."

बगळ्याच्या पुढे शेळी घेतली. कानांना पांढरे ठिपके हवेत, एक शिंग जरा वाकडं, तेही तिनेच सांगितलं. काढून झाल्यावर ती भिंतीजवळ गेली, ओल्या रंगाला हात न लावता शेळीच्या तोंडापाशी तोंड नेऊन हिंदीत काहीतरी बोलली आणि घंटा झाली म्हणून पळत गेली. काय बोलली ते मी विचारलं नाही. मला उगीच जरा वेळ ब्रश धुवावासा वाटला.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाई येऊन बघायच्या. एकदा म्हणाल्या, "ते पुस्तक माझ्याकडे आहे. ड्रॉवरमध्ये. परत मागू नका." मी मागितलं नाही.

उद्घाटनाला अध्यक्ष आले. विरारहून गाडीने, वाटेत ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून. फीत कापली. टाळ्या झाल्या. मग ते चित्रासमोर उभे राहिले आणि बराच वेळ निरखत राहिले. "ही शेळी," त्यांनी विचारलं, "अशी पाय आवळून का उभी हाय?"

मी तोंड उघडणार तोच मोठ्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "शिस्त, साहेब. रांगेत आहे."

"वा," अध्यक्ष म्हणाले. "शिस्त पायजेच." मग त्यांनी भाषणाचा कागद खिशातून काढला, पुन्हा खिशात घातला, मोठ्या बाईंकडे बघून हलक्या आवाजात काहीतरी विचारलं आणि मोठ्या बाईंनी शिपायाला किल्ली आणायला पाठवलं. अध्यक्ष घाईघाईने आत गेले. दार लागलं. कडी लागली. तिसरीच्या बाई शाल घेऊन, मोठ्या बाई नारळ घेऊन आणि मी तुळशीचं रोप घेऊन बाहेर ओळीने उभ्या राहिलो. मागे अख्खी शाळा श्वास रोखून बसली होती. कोणी एक शब्द बोललं नाही.